टेलिफोनी कार्ड बसवताना क्रम चुकवू नका: लँडलाईन ॲस्टेरिस्कवर आणायची सविस्तर पद्धत

छोट्या ऑफिसात, दवाखान्यात, पतसंस्थेत दोन-चार लँडलाईन असतात आणि त्या कंप्युटरवर चालणाऱ्या ॲस्टेरिस्क या टेलिफोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या असतात, त्यासाठी चार पोर्टचं ॲनालॉग कार्ड घेतात. कार्ड स्लॉटमध्ये जातं, सॉफ्टवेअर पडतं, मग इनकमिंग येत नाही, किंवा येतं पण नंबर दिसत नाही, किंवा समोरच्याने फोन ठेवला तरी लाईन तशीच अडकून राहते. आणि मग "कार्डच खराब आलंय" म्हणून ते परत पाठवतात. बहुतेक वेळा कार्ड धडधाकट असतं, फक्त खालचा थर तपासायच्या आधीच वरच्या थराची सेटिंग्ज बदलून ठेवलेली असतात.

म्हणून इथे प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. उदाहरण म्हणून डिजियमचं टीडीएम४१०पी घेतलंय, कारण सेकंडहँड बाजारात तेच जास्त मिळतं, पण बाकीच्या ॲनालॉग कार्डांनाही क्रम हाच लागतो. फाइलींची नावं आणि कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत टाका. जिथे कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलंय.

टप्पा १: कार्ड विकत घ्यायच्या आधी

पहिला घोळ इथेच होतो. टीडीएम४१०पी साध्या पीसीआय स्लॉटचं आहे, पीसीआय एक्सप्रेसचं नाही. नवीन मदरबोर्डवर साधा पीसीआय स्लॉट बहुतेक नसतोच, आणि असला तर बऱ्याचदा ब्रिज चिपमधून काढलेला असतो, त्यावर इंटरप्टचा (कार्ड प्रोसेसरला वेळोवेळी देतं त्या हाकेचा) त्रास होऊ शकतो. पीसीआय एक्सप्रेस हवं असेल तर त्याच घरातलं एईएक्स४१० बघा. आधी कॅबिनेट उघडून स्लॉट डोळ्यांनी बघा, वेबसाइटवरच्या फोटोवर जाऊ नका.

कार्डावर चार छोटे मॉड्यूल बसतात आणि त्यांचा रंग लक्षात ठेवा. लाल मॉड्यूल एफएक्सओ, म्हणजे टेलिफोन कंपनीची लाईन इथे येणार. हिरवं मॉड्यूल एफएक्सएस, म्हणजे इथून साध्या टेलिफोन सेटला लाईन जाणार. जुनं कार्ड घेताना "चार पोर्टचं आहे" एवढं ऐकून पैसे देऊ नका, चारांपैकी लाल किती आणि हिरवी किती ते विचारा, कारण बाहेरच्या चार लाईन घ्यायच्या असतील आणि आत दोनच लाल निघाली तर उरलेली मॉड्यूलं वेगळी शोधत बसावं लागतं.

अजून जुनं टीडीएम४००पी पण स्वस्तात मिळतं. त्याच्यावर टायगरजेटची चिप आहे आणि अशा जुन्या कार्डांचे ड्रायव्हर डाहडीच्या (कार्ड ॲस्टेरिस्कला जोडणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या) ३.० आवृत्तीपासून काढून टाकलेत. म्हणजे ते कार्ड वापरायचं तर २.११ वर राहायचं, आणि २.११ नव्या लिनक्स कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) सरळ कंपाइल होत नाही. तुमच्याकडे आधीच पडलेलं असेल तर ठीक, पण नवीन सेटअपसाठी मी तरी घेऊ नका म्हणेन.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हे कार्ड लावायचा विचार असेल तर तो सोडा. या कार्डाला सेकंदाला हजार इंटरप्ट वेळेवर हवे असतात, पासथ्रूमधून (कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला देण्याच्या सोयीतून) ते सरळ मिळतील याची खात्री नाही. वेगळा जुना डेस्कटॉप बरा.

टप्पा २: लाईन आधी तपासा, कार्ड नंतर

हे कोणीच करत नाही आणि नंतर दोन-दोन दिवस सेटिंग बदलत बसतात.

ज्या जॅकमधून लाईन कार्डाला जाणार आहे त्याच जॅकमध्ये साधा टेलिफोन लावा. डायलटोन स्वच्छ आहे का, खरखर आहे का, इनकमिंग येतं का, कॉलर आयडीच्या सेटवर नंबर दिसतो का, हे सगळं लिहून ठेवा. सेटवरच नंबर दिसत नसेल तर ॲस्टेरिस्कमध्ये कधीच दिसणार नाही, आधी कंपनीकडून ती सुविधा चालू करून घ्या.

मल्टिमीटर असेल तर रिसीव्हर ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसीच्या आसपास दिसले पाहिजेत, उचलल्यावर ते एकदम खाली येतात. रिंग येताना याच तारेवर ७५ ते ९० व्होल्टच्या घरात एसी येतो, तेव्हा लाईन लावलेली असताना आतल्या कार्डाला हात लावू नका.

त्याच तारेवर ब्रॉडबँड येत असेल तर स्प्लिटर लावा आणि त्याच्या फोनच्या बाजूची तार कार्डाला द्या. स्प्लिटरशिवाय लावलं की कॉलमध्ये सू-सू आवाज येतो आणि लोक इको कॅन्सलरला दोष देतात. फायबरच्या ओएनटीच्या (कंपनीने आत बसवलेल्या डब्याच्या) फोन पोर्टमधून लाईन येत असेल तरी ती एफएक्सओला चालते, फक्त तिथे बिझी टोन आणि कॉलर आयडीची पद्धत तांब्याच्या लाईनपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तीही साध्या सेटवर ऐकून ठेवा.

आणि त्याच लाईनवर पॅरलल फोन ठेवू नका. दोन्हीकडून एकदम उचललं गेलं की सगळं गोंधळतं.

*इशारा:* पावसाळ्यापूर्वी वीज पडते त्या दिवसांत तांब्याच्या लाईनवरून सर्ज येऊन एफएक्सओ मॉड्यूल जळतं, आपल्याकडे हे नेहमीचं आहे. लाईन जिथे बिल्डिंगमध्ये येते तिथे एमडीएफवर (तारा जोडायच्या मुख्य पेटीवर) जीडी ट्यूबवालं, म्हणजे जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारं, प्रोटेक्शन असू द्या आणि त्याची अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेली असू द्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नाहीतर कॉलमध्ये हम येतच राहणार.

टप्पा ३: कार्ड बसवणं

मशीन बंद, पॉवर केबल काढलेली, सगळ्या टेलिफोन तारा काढलेल्या. नुसतं शटडाऊन करून केबल लावलेली ठेवली तर मदरबोर्डवर स्टँडबाय पुरवठा चालूच असतो.

हाताला अँटीस्टॅटिक पट्टा लावा, नसेल तर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्ड उचला, आणि उचलताना कडेला धरा. मॉड्यूल कार्डावर नीट दाबून बसलेत का बघा, सेकंडहँड कार्डात वाहतुकीत ती हलतात.

एक जरी हिरवं मॉड्यूल असेल तर कार्डाला एसएमपीएसमधून चार पिनची मोठी पॉवर केबल द्यावीच लागते, कारण टेलिफोन सेटला रिंग द्यायला लागणारा व्होल्टेज तिथून बनतो. ती विसरली तर पोर्ट चालू होत नाही. हे इतक्या लोकांचं होतं की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्यासाठी खास मेसेजच घातलाय, कर्नलच्या लॉगमध्ये तो मोठ्या अक्षरांत विचारतो की हार्डडिस्कची पॉवर केबल लावायला विसरलात का. नवीन एसएमपीएसमध्ये ती केबल नसेल तर साटावरून कन्व्हर्टर मिळतो. फक्त लाल मॉड्यूल असतील तर ही केबल नको.

ग्राफिक्स कार्डाच्या अगदी शेजारचा स्लॉट शक्यतो टाळा. स्क्रू घट्ट लावा, ढिला राहिला की तारेच्या ओढीने कार्ड वर उचलतं.

*तपासणी:* तारा न लावता मशीन चालू करा आणि एलएसपीसीआय कमांड द्या. "डिजियम वाइल्डकार्ड टीडीएम४१०" अशी ओळ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सॉफ्टवेअरकडे वळूच नका. मशीन बंद करा, कार्ड काढा, सोन्याचे पट्टे खोडरबराने हलके पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. टीडीएम४००पी असेल तर नावात डिजियम येत नाही, टायगरजेट येतं, ते बघून घाबरू नका.

टप्पा ४: ड्रायव्हर, आणि इथे क्रम सगळ्यात महत्त्वाचा

क्रम असा: आधी डाहडी लिनक्स, मग डाहडी टूल्स, मग लिबपीआरआय, आणि सगळ्यात शेवटी ॲस्टेरिस्क. ॲनालॉग कार्डाला लिबपीआरआय खरं तर लागत नाही पण पुढे पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉलची डिजिटल लाईन) घ्यायचा विचार असेल तर आत्ताच टाका. ॲस्टेरिस्क आधी कंपाइल केलं तर त्याला डाहडी सापडत नाही, मग तो चॅन_डाहडी मॉड्यूल बनवतच नाही आणि एकही एरर न देता पुढे जातो. नंतर तुम्ही कितीही कॉन्फिग लिहा, ते वाचणारं कोणी नसतं.

कंपाइल करायच्या आधी कर्नल हेडर लागतात, आणि ते चालू कर्नलच्याच आवृत्तीचे लागतात. यूनेम -आर ने आवृत्ती बघा, मग हेडर टाका. अपडेट टाकून रीबूट न करता हेडर टाकले तर ते नव्या कर्नलचे येतात आणि मशीन जुन्यावर चालू असतं.

बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः कंपाइल केलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल घेत नाही, "रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल" असं येतं. एकतर मॉड्यूल साइन करा नाहीतर सिक्युअर बूट बंद करा.

टायगरजेटवाल्या जुन्या कार्डाचं अजून एक दुखणं आहे. कर्नलमधला नेटजेट नावाचा आयएसडीएन ड्रायव्हर ते कार्ड आपलंच समजून आधी पकडतो, मग डाहडीला ते मिळत नाही. नेटजेटला मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट करा आणि रीबूट करा.

*तपासणी:* डाहडी_हार्डवेअर कमांड द्या. कार्डाच्या ओळीत ड्रायव्हरच्या नावापुढे अधिकची खूण असेल तर ड्रायव्हर लागला, वजाची असेल तर कार्ड दिसतंय पण ड्रायव्हर लागलेला नाही. तिथे जे ड्रायव्हरचं नाव दिसेल ते लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात तेच वापरायचंय, जुन्या लेखातलं कॉपी करू नका कारण कार्डाप्रमाणे ते बदलतं.

टप्पा ५: भारताची सेटिंग्ज आणि उलटं सिग्नलिंग

न सांगितलं तर सगळं अमेरिकन धरलं जातं. तीन ठिकाणी भारत सांगायचा.

पहिलं, ईटीसीमधल्या मॉडप्रोबच्या फोल्डरात डाहडी.कॉन्फ फाइलमध्ये ऑप्शन्स, मग ड्रायव्हरचं नाव, मग ऑपरमोड=इंडिया, यात इंडिया शब्द कॅपिटल. याने एफएक्सओ मॉड्यूलचा इंपीडन्स (विद्युत विरोध) आपल्या लाईनप्रमाणे लागतो. हे विसरलं की इको येतो आणि तो कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही.

दुसरं, ईटीसी डाहडी फोल्डरमधल्या जेनकॉन्फ_पॅरामीटर्स फाइलमध्ये एलसी_कंट्री च्या पुढे आयएन. तिसरं आपोआप होतं, म्हणजे डाहडी_जेनकॉन्फ चालवल्यावर जी सिस्टम.कॉन्फ बनते तिच्यात लोडझोन आणि डिफॉल्टझोन दोन्ही आयएन आले पाहिजेत, उघडून बघा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. एफएक्सओ पोर्टला एफएक्सएस सिग्नलिंग लागतं आणि एफएक्सएस पोर्टला एफएक्सओ सिग्नलिंग. उलटं वाटतं पण तसंच आहे, कारण पोर्ट समोरच्या टोकाशी बोलतं. लाल मॉड्यूल स्वतः टेलिफोनचं काम करतं, म्हणून त्याला समोर एक्सचेंज हवं, म्हणजे एफएक्सएसकेएस. हिरवं मॉड्यूल एक्सचेंजचं काम करतं, त्याला एफएक्सओकेएस. लोक जेनकॉन्फने बरोबर लिहिलेलं बघतात, "हे चुकलंय" म्हणून हाताने उलटं करतात, आणि मग डाहडी_सीएफजी एरर देतो. हात लावू नका.

*इशारा:* टेलिफोन कंपनीची लाईन हिरव्या पोर्टला कधीही लावू नका. दोन्ही बाजूंनी व्होल्टेज येतो आणि मॉड्यूल जाऊ शकतं. पोर्टवर स्टिकर लावा, "बाहेरची लाईन" आणि "आतला फोन" असं मराठीत लिहिलं तरी चालेल, उद्या दुसराच कोणी तार लावणार आहे.

*तपासणी:* डाहडी_सीएफजी -व्हीव्ही चालवा, शेवटी "४ चॅनेल्स टू कॉन्फिगर" आणि एरर नाही. मग एलएसडाहडी द्या. लाल पोर्टवर तार नसेल तर त्या चॅनेलपुढे रेड दिसतं. आता एकेक लाईन लावत जा आणि प्रत्येक वेळी एलएसडाहडी द्या, ज्या चॅनेलचं रेड गेलं तो त्या जॅकचा नंबर. अंदाजाने ठरवू नका, वरून पहिला की खालून पहिला यावर वाद घालण्यात वेळ जातो.

यानंतर डाहडी_टेस्ट पाच मिनिटं चालू ठेवा. तो दाखवतो तो वेळेच्या अचूकतेचा आकडा ९९.९८ टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहिला पाहिजे. मधूनमधून ९९.८ किंवा ९८ दिसत असेल तर आवाज तुटणार, फॅक्स तर जाणारच नाही. प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स फाइल बघा, कार्डाचा इंटरप्ट दुसऱ्या डिव्हाइसबरोबर शेअर होत असेल तर स्लॉट बदला, बायोसमधून न लागणारे साउंड, सिरीयल, जादा यूएसबी बंद करा. हा आकडा सुधारल्याशिवाय ॲस्टेरिस्क चालूच करू नका.

टप्पा ६: ॲस्टेरिस्कची फाइल, वरून खाली वाचली जाते

जेनकॉन्फ ईटीसी ॲस्टेरिस्कमध्ये डाहडी-चॅनेल्स.कॉन्फ बनवतो, पण ॲस्टेरिस्क वाचतो चॅन_डाहडी.कॉन्फ. म्हणून चॅन_डाहडीमध्ये शेवटी हॅश इन्क्लूड करून ती फाइल जोडावी लागते. ही ओळ राहिली की सगळं बरोबर असून ॲस्टेरिस्कच्या डाहडी शो चॅनेल्स कमांडमध्ये फक्त सूडो हा नावापुरता चॅनेल दिसतो.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. या फाइलमध्ये जी सेटिंग "चॅनेल" च्या ओळीच्या वर आहे तीच त्या चॅनेलला लागते. खाली लिहिलेली पुढच्या चॅनेलला जाते, आणि पुढे चॅनेलच नसेल तर कुठेच जात नाही. इकोकॅन्सल=येस फाइलच्या शेवटी टाकून "काही फरक पडला नाही" म्हणणारे खूप आहेत.

आपल्या लाईनींसाठी लागणाऱ्या सेटिंग्ज:

कॉलर आयडीसाठी, आपल्याकडे तांब्याच्या बऱ्याच लाईनींवर नंबर डीटीएमएफमध्ये (फोनच्या बटणांच्या टोनमध्ये) आणि पहिल्या रिंगच्या आधी येतो, अमेरिकेत तो पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये येतो. म्हणून सीआयडीसिग्नलिंग=डीटीएमएफ, आणि सीआयडीस्टार्ट साठी पोलॅरिटी_आयएन, हा पर्याय खास भारतासाठीच आहे आणि यात आयएन कॅपिटल. पोलॅरिटी_आयएनने नाही आला तर नुसतं पोलॅरिटी, मग डीटीएमएफ असं एकेक करून बघा, तिन्ही एकदम बदलू नका.

कॉल तोडण्यासाठी, म्हणजे समोरच्याने फोन ठेवला हे कार्डाला कळण्यासाठी, दोन रस्ते आहेत. लाईनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (तारांचं अधिक-वजा उलटणं) मिळत असेल तर हँगअपऑनपोलॅरिटीस्विच=येस, हा सगळ्यात भरवशाचा, एक्सचेंजला विचारून बघा, कधी कधी ते चालू करून देतात. नाही मिळालं तर बिझी टोन ऐकून ओळखायचं: बिझीडिटेक्ट=येस, बिझीकाउंट ४, बिझीपॅटर्न=७५०,७५०. आपला बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद शांत असतो, तोच हा आकडा. बिझीकाउंट २ केला तर बोलता बोलता चांगले कॉल तुटतात, तुटत असतील तर ५ किंवा ६ करा. कॉलप्रोग्रेस नो ठेवा.

हे सेट केलं नाही तर काय होतं ते सांगतो. रात्री कोणी फोन करतं, व्हॉइसमेल लागतो, तो माणूस काही न बोलता ठेवतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये पाऊण-पाऊण सेकंदाचा बिझी टोन भरत राहतो. सकाळपर्यंत लाईन एंगेज. दवाखान्याची लाईन असेल तर रात्रभर पेशंटला एंगेज टोन ऐकू येतो आणि आत कोणाला पत्ताच नसतो. म्हणून मी हा भाग कधीच उद्यावर ढकलू देत नाही.

आरएक्सगेन आणि टीएक्सगेन, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या आवाजाची पातळी, सध्या शून्यच ठेवा.

*तपासणी:* सिग्नलिंग बदललं असेल तर नुसतं रीलोड पुरत नाही, ॲस्टेरिस्क रीस्टार्ट करा, चालू कॉल तुटतात म्हणून ऑफिस सुटल्यावर. मग डाहडी शो चॅनेल्स. चॅनेल दिसत नसतील आणि लॉगमध्ये परमिशन डिनाइड असेल तर ॲस्टेरिस्क ज्या युजरने चालतोय त्याला डेव्ह डाहडी फोल्डरचा ॲक्सेस नाहीये, यूडेव्हच्या रूलमध्ये मालक बदला. सीएचमॉड ७७७ करू नका, रीबूट झाला की गेलं.

टप्पा ७: कॉल करून बघणं

ॲनालॉग लाईनवर कॉल कुठल्या नंबरला आलाय हे कंपनी सांगत नाही, त्यामुळे कॉल डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे वळवायचा त्याच्या नियमांत) "एस" नावाच्या एक्स्टेंशनवर येतो. तुम्ही फक्त लँडलाईनचा नंबर लिहून इनकमिंग रूट बनवला असेल तर कॉल तिथे जाणारच नाही. कॉन्टेक्स्टचं, म्हणजे डायलप्लॅनमधल्या त्या विभागाचं, नाव चॅन_डाहडीमध्ये आणि डायलप्लॅनमध्ये अक्षरशः सारखं आहे ना बघा.

एकाच लाईनवर आधी पूर्ण टेस्ट करा, मग बाकीच्या. इनकमिंग, नंबर दिसला का, समोरून ठेवल्यावर चॅनेल मोकळा झाला का, आउटगोइंग, आउटगोइंगमध्ये पहिला आकडा गिळला जातो का. गिळला जात असेल तर डायलटोन यायच्या आधी आकडे जातायत, डायल करताना नंबराच्या आधी लहान डब्ल्यू लावा, अर्धा सेकंद थांबतो.

*इशारा:* परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल या कार्डातून इथल्या लाईनवर उतरवायचे "कमाईचे" सल्ले मिळतात. ते बेकायदा एक्सचेंजमध्ये मोडतं, लाईन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर पोलीस केस होते. आउटगोइंग फक्त आतल्या एक्स्टेंशनलाच उघडं ठेवा आणि एक्स्टेंशनचे पासवर्ड १०१, १०२ असे ठेवू नका.

टप्पा ८: इको आणि आवाज, सगळ्यात शेवटी

इको आला की लोक पहिल्यांदा गेन वाढवतात, त्याने इको अजून वाढतो. क्रम असा: ऑपरमोड इंडिया खरंच लागलाय का बघा, मग एफएक्सओट्यून (मॉड्यूल प्रत्येक लाईनशी जुळवणारी कमांड), मग इको कॅन्सलर, आणि अगदी शेवटी गेन, तोही एकावेळी एक-दोन डीबी.

एफएक्सओट्यून -आय ४ चालवायच्या आधी ॲस्टेरिस्क बंद करा, लाईनी लावलेल्या असू द्या. यातला ४ म्हणजे डायलटोन घालवायला तो डायल करणारा आकडा, तुमच्या लाईनवर ४ ने टोन जात नसेल तर दुसरा द्या. प्रत्येक लाईनला बराच वेळ लागतो, मध्येच तोडू नका. निकाल एफएक्सओट्यून.कॉन्फ मध्ये जातो पण कार्ड ते लक्षात ठेवत नाही, प्रत्येक बूटला ॲस्टेरिस्कच्या आधी एफएक्सओट्यून -एस चालला पाहिजे, स्टार्टअपमध्ये टाका. हे विसरतात आणि मग "लाईट गेली की इको परत येतो" अशी तक्रार असते.

कार्डावर हार्डवेअर इको कॅन्सलरचं मॉड्यूल असेल तर सॉफ्टवेअरवाल्याची चिंता नाही. नसेल तर सिस्टम.कॉन्फमध्ये इकोकॅन्सलर एमजी२ आणि पुढे चॅनेल नंबर, जेनकॉन्फ तो बहुतेक घालतोच.

चालू झाल्यावर

मोड्युल्स, सिस्टम, जेनकॉन्फ, चॅन_डाहडी, डायलप्लॅन आणि एफएक्सओट्यूनच्या फाइली दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवा. कर्नलचं आपोआप अपडेट बंद करा किंवा डाहडी डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणाऱ्या सोयीने) टाका, नाहीतर एखाद्या सकाळी अपडेटनंतर मशीन उठतं आणि चारही लाईनी गायब असतात. मग एकदा मुद्दाम रीबूट करा, कशालाही हात न लावता पाच मिनिटं थांबा आणि मोबाईलवरून चारही नंबर लावून बघा. एखादी लाईन उठली नाही तर टप्पा ४ च्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.